गच्च बसलेला चुडा

झुबेदा मणेरणीच्या हिशेबात जुन्नर तालुक्याची शिरगणती माणसांनी नव्हे, मनगटांनी व्हायची. डिंगोऱ्यातली अमकी सून सव्वादोनची, तिची सासू अडीचची, आणि दोघींचं भांडण त्या मधल्या पाव इंचाचं, असं ती बांगड्या भरता भरता सांगायची. हात अवघड म्हणून एकही बाई मोकळी परत पाठवली नाही, ही तिची ऐट. ती ऐट तिनं त्या लग्नघरी जरा कमी मिरवली असती, तर मंगलचा हात कदाचित वाचला असता.

लग्न मंगलच्या पोरीचं. आदल्या दिवशी ओसरीवर चुडा भरायला बाया जमल्या. अवसरी बुद्रुकहून नवऱ्यामुलाची आत्या ठकूबाई आली होती. म्हणायला हळदीच्या तयारीला, खरं म्हणजे बघायला. मंगल सगळ्यांच्या शेवटी बसली. डावा हात भरून झाला, तरी उजवा पदराखालीच.

“दुसरा हात काय सवतीला दिलाय का वहिनी?” झुबेदा म्हणाली. बाया हसल्या.

मंगल पुढं वाकून कुजबुजली, “भाभी, त्याला नका. छातीची गाठ काढली, संगं काखंतल्याबी काढल्या. मग इजेचे शेक दिले. तवापासून हातातलं पानी वर चढत न्हाई. डॉक्टरनं काच घालायची न्हाई म्हनून बजावलंय. कुनाला बोलू नका, पोरीची सोयरीक मोडंल.”

गावाला पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं. आईचा रोग पोरीत उतरतो असं अवसरीकर म्हणतील, ही धास्ती मंगलच्या सासूची, अंबाबाईची.

“एका हातानं कन्यादान करनार का काय इहीणबाई?” ठकूबाईनं विचारलं.

“लाजती ती,” अंबाबाई म्हणाली. “भर गं झुबेदे. जमत न्हसंल तर सांग, मंचरच्या मणेरणीला बोलावू.”

मंचरचीचं नाव निघालं आणि झुबेदानं हात ओढून मांडीवर घेतला. तिची बोटं थबकली. मनगटावर दाबलं की खळगा पडे आणि तो भरून येत नसे, भिजवलेल्या कणकेसारखा. दंडाच्या वर, काखेकडं मात्र कातडी मांसाला आणि मांस हाडाला चिकटून वाळल्या चामड्यासारखं ताठ झालेलं. एकाच हाताला कणीक आणि चामडं. झुबेदाला हायसं वाटलं. कणीक म्हणजे दबणार. तिनं साबण लावला, पंजावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि अंगठ्यानं पाणी वर वर रेटत नेलं. हात बारीक झाला. बांगड्या एकामागून एक आत गेल्या, एकही तडकली नाही.

झुबेदाची उभी हयात हाडांशी झुंजण्यात गेली होती. हाडाला एकदा चकवलं की पुढं चिंता नसते. पाणी परत येतं, हे तिच्या धंद्यात कुणी शिकवलं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी अंबाबाईनं तिला बोलावून मागच्या खोलीत मंगलपाशी नेलं. बांगड्या मांसात रुतल्या होत्या, त्यांच्या मधून मधून लालभडक मांस फुगून वर आलं होतं. बोटं निळी पडलेली. अंगात ताप फणफणत होता.

“वाढवाव्या लागत्याल,” झुबेदा म्हणाली. बांगडी फुटते ती विधवेची, सवाष्णीची वाढते.

“हात वाढू दे,” अंबाबाई म्हणाली. “बांगडी वाढायची नाय. मांडव दारात हाय.”

दारात मंगलचा नवरा गोरख उभा होता. बायकोची बांगडी फुटणं म्हणजे कुणाचं मरण, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. “अक्षता पडूस्तवर कळ काढ,” तो म्हणाला. “मग बघू.”

मंगलनं झुबेदाकडं पाहिलं. “भाभी, तुमी फोडा. माल खराब निघाला म्हना. तुमी म्हनलं तर कोन काय बोलंल?”

झुबेदाचा माल खराब, आणि तोही लग्नाच्या दिवशी? तिनं मंगलचा पदर नीट ओढला, हात झाकला. “निभंल वहिनी. दुपार काय लांब न्हाई.”

कन्यादानाला पाण्याची धार सोडताना मंगलच्या डोळ्यांतूनही धार लागली. आईचं काळीज म्हणून बाया कौतुकानं बघत राहिल्या.

वऱ्हाड गेल्यावर बांगड्या नारायणगावात डॉक्टरनं कापून काढल्या. काचेबरोबर कातडीही निघाली. विष अंगात भिनलं होतं, ते उतरायला फार दिवस गेले. मग हाताच्या जखमा भरून आल्या, पण आता खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं चामडंच. मूठ वळत नाही.

मंगलच्या पोरीच्या डोहाळजेवणाला झुबेदा बांगड्या भरायला अवसरीला गेली. ठकूबाईनं हळूच विचारलं, “इहीणबाईंचा गाठीचा हात कसाय?”

“कसली गाठ?” झुबेदानं सावध होऊन विचारलं.

“आता गं. आमाला साखरपुड्याच्या आधीच ठावं व्हतं. माझ्या भावजयीची बहीण त्याच दवाखान्यात व्हती. पोरगी चांगली हाय, तिच्या आईच्या छातीशी आमाला काय करायचंय?”

“मग तवा त्या हातावरनं कशाला टोचलंत?”

“गंमत. कुठवर लपवत्यात ते बघत व्हते.”

गिऱ्हाईकाच्या गमतीला हसायचं असतं, म्हणून झुबेदा हसली. मग तिनं ठकूबाईचा हात मांडीवर ओढून घेतला. तो इतका सोपा निघाला की बोलता बोलता भरूनही झाला.