आधी कंदील सोडा

मित्रांनो, मी सोनपेठ तालुक्यातल्या एका गावचं जुनं पेव आहे. पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीखालचं कोठार. मी प्रेमळ वगैरे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

साठ वर्षांपूर्वी रामलिंगअप्पांनी मला अंगणात खोदलं. दोन पुरुष खोल. शेणामातीनं लिंपलं, कडब्याचं अस्तर दिलं. काळ्या रानात तेव्हा ज्वारी खाऊन उरायची. उरलेली माझ्या पोटात यायची. घरोघरी अशी पेवं भरली, तेव्हा कुठे गावात लोहार टिकला, आठवडी बाजार भरू लागला, मठाला ओवरी झाली, शाळा आली. बहात्तरच्या दुष्काळात आजूबाजूची गावं उठली, आमचं मात्र पेवांच्या जिवावर बसून राहिलं. माझ्या तोंडावरच्या फरशीला तेव्हा पूजेची विभूती लागायची.

मग गावात शहाण्यांचं पेव फुटलं. नगदी पिकांच्या नादात ज्वारी गेली, तिच्यामागं कडबा गेला, मग जनावरं आणि शेणखत. उपाशी जमिनीचा उतारा दरसाल घटला. लोहार पालमला गेला, बाजार मोडला, शाळेत सात पोरं उरली. माझ्यात मात्र रोज भर पडत होती. उष्टं, सडका पाला, औषधाच्या बाटल्या. मी ते सगळं कुजवत बसलो. त्यातून जीवघेणी हवा तयार झाली आणि ती मी जपून ठेवली. मला सूड हवा होता, आणि तो याच घरातून हवा होता.

परवा अप्पांचा नातू शिवकांत यानं फरशी काढली. म्हणाला, "आयता खड्डा हाय. संडासाची टाकी हुईल. उतरून साफ करतो."

ये बाबा, मी मनात म्हटलं.

त्याची आई भागम्मा पिठाच्या हातांनी धावत आली. "थांब. आदी कंदील सोड. मामंजी दिव्याबिगर कदी उतरले न्हाईत."

"पाच मिनिटाचं काम हाय, आई."

"मंग सर बाजूला. मी उतरते."

तो वरमला. दोरीला बांधून त्यानं कंदील सोडला. अर्ध्यावर येताच ज्योत विझली. ती जळत राहावी असं मला फार वाटत होतं, पण माझ्याच हवेनं माझा घात केला. शिवकांत काठावरून मागं सरला. भागम्मानं एकटीनं फरशी ओढून लावली.

मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. तुमच्याही गावात माझी भावंडं झाकून पडली असतील. त्यांना ज्वारी द्या. देणार नसाल, तर खुशाल उतरा. घरोघरी भागम्मा नसते.