कांद्याच्या वावरातला इंग्रजीचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. लांबी साडेतीन हात, रुंदी दोन हात, आणि डाव्या अंगाला लाकडाची एक गाठ, जिच्यावर खडू कधीच नीट उमटला नाही. वडनेर भोलजी गावात एका ओसरीच्या भिंतीला टेकून मी आता उभा असतो. शाळेत मी एक दिवसही गेलो नाही. तरी माझ्या अंगावर इंग्रजीचे व्याकरण लिहिले गेले, आणि त्या पाच महिन्यांची आठवण झाली की मला अजून बरे वाटते.

आधी मी फळा नव्हतो, तीन फळ्या होतो. उकंडरावांच्या मोडक्या छकड्याचा तळ म्हणून आम्ही भाजीच्या टोपल्या वाहिल्या होत्या. मोतीराम सुताराने आम्हाला जोडले, रंध्याने घासले, आणि बॅटरीच्या जुन्या सेलांतली काळी भुकटी माक्याच्या पाल्याच्या रसात खलून आमच्या अंगावर तीनदा चोपडली. वाळल्यावर मोतीराम म्हणाला, "घ्या, झाला फळा. आता याच्यावर भाजी नका चिरू."

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. उकंडराव आणि त्यांचे थोरले भाऊ अर्जुनराव एकत्र शेती करत. विहिरीवर वांगी, मिरची, कांदा असे. उकंडरावांची मुलगी सुभद्रा सातवीत होती. गावची शाळा सातवीपर्यंतच; पुढे शिकायचे तर नांदुऱ्याला जाऊन वसतिगृहात राहावे लागे. एका शिक्षणसंस्थेने खेड्यांतल्या मुलांसाठी शिष्यवृत्तीची परीक्षा ठेवली होती. जे मूल ती मिळवेल, त्याचे राहणे-खाणे आणि शिकणे संस्था पाहणार.

अर्जुनरावांचे मत सरळ होते. "सातवी झाली, लई झालं. पोरगी वावरात हाताशी येईन."

उकंडराव भावापुढे बोलत नसत. पण त्या वेळी ते एवढे म्हणाले, "दादा, परीक्षा देऊ दे तिले. भेटली शिष्यवृत्ती तं जाईन, नाई भेटली तं तू म्हनतो तसं."

गणिताची आणि मराठीची सुभद्राला भीती नव्हती. इंग्रजीची होती. ती भाषा शिकवणारे गुरुजी दिवाळीत बदलून गेले आणि त्यांच्या जागी कोणी आलेच नाही. परीक्षा फाल्गुनात होती.

तेव्हा सुभद्राची आई, मनकर्णाबाई, पदर सावरून तारबाबूंच्या दारात गेली. तारबाबू म्हणजे भगवंतराव. रेल्वेच्या लहानलहान स्टेशनांवर बावीस वर्षे त्यांनी तारेचे यंत्र कटकट वाजवले होते, आणि निवृत्त होऊन ते गावी परतले होते. अख्ख्या गावात इंग्रजी येणारे तेवढे एकच. गावाशी बोलणे कमीच.

"बाबूजी, माह्या पोरीले इंग्रजी शिकवान काय?"

भगवंतरावांनी तिला ओसरीवर बसायला सांगितले. मग म्हणाले, "फळा लागन. शब्द दिवसभर डोळ्यापुढं असले पाह्यजे."

माझा जन्म झाला तो असा.

सुभद्राची शाळा सकाळची, दुपारी ती वावरात. म्हणून मला विहिरीजवळच्या कडुलिंबाला टांगले. भगवंतराव काठी टेकत येत, धोतराच्या सोग्याने मला पुसत आणि लिहीत. त्यांचे अक्षर फार सुंदर होते. ते लिहून निघून गेले की सुभद्रा मिरच्या तोडता तोडता मान वळवून माझ्याकडे पाही आणि शब्द पुटपुटे. वेल म्हणजे विहीर. बुलक म्हणजे बैल. रोप म्हणजे दोर. मनकर्णाबाई शेजारच्या सरीत निंदत असे, अर्जुनराव मोट हाकत. ती पाठांतरे त्यांच्याही कानांवर पडत, पण तिकडे कोणाचे लक्ष नव्हते. माझेही नव्हते.

पंधरा दिवस छान गेले. मग एके दुपारी भगवंतरावांनी माझ्यावर वाक्य लिहिले आणि वाचून दाखवले, "गर्ल गोज टू वेल."

सुभद्राने आपले पुस्तक उघडले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा पुस्तकात पाहिले. "बाबूजी, पुस्तकात 'द गर्ल' हाये. 'द वेल' हाये. तुमी 'द' काऊन सोडला?"

भगवंतरावांच्या हातातला खडू तसाच राहिला.

"तारेत बारके शब्द घालत नाईत पोरी," ते हळू म्हणाले. "बावीस वर्षं मी ते गाळतच आलो. कुठी घालायचे आन् कुठी नाई, हे मले..." त्यांनी खडू खाली ठेवला. काठी घेऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्याही नाही. सुभद्रा माझ्यासमोर उभी राहून ते वाक्य पाहत राही. पुसायची तिची हिंमत होत नव्हती.

"तू बाबूजीले बोलली काय?" मनकर्णाबाईने विचारले.

"इचारलं फक्त, माय."

"चार मान्सांत म्हाताऱ्या मान्साले असं इचारते काय?" आई म्हणाली, पण तिलाही त्या दिवशी घास गोड लागला नाही. अर्जुनराव मोट हाकत राहिले. त्यांना वाटले, मिटले हे प्रकरण.

पाचव्या दिवशी भगवंतराव आले. अंगात स्वच्छ सदरा, पायांवर एसटीच्या रस्त्याची धूळ, बगलेत कोरी वही. ते मला टांगले होते त्या झाडाखाली बसले, पाणी प्यायले आणि सुभद्राला म्हणाले, "मले येत नव्हतं. नांदुऱ्याच्या हायस्कूलात जाऊन बसलो. तिथले मास्तर चांगले हायेत. आठवीच्या पोरांच्या मागं बाक देला त्यायनं मले."

"तुमी पोरांत बसले, बाबूजी?"

"हाव. हासले पोट्टे पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी नाई हासले."

साठी उलटलेला तो माणूस त्यानंतर आठवड्यातून दोनदा नांदुऱ्याला जाऊ लागला. तिथे शिकून येई आणि इथे शिकवी. ए कुठे, अ‍ॅन कुठे, द कुठे. काल गेलो, आज जातो, उद्या जाईन. कधी कधी त्यांनाच गोंधळायला होई. मग दोघे मिळून वहीत शोधत. मी पुष्कळ फळे पाहिले नाहीत, पण गुरू आणि शिष्य एकाच वेळी ज्याच्यावर शिकले असा फळा होण्याचे भाग्य फार थोड्यांना मिळत असेल.

उताऱ्यावरच्या प्रश्नांना सुभद्रा सगळ्यांत जास्त घाबरे. एक शब्द अडला की ती तिथेच बसे आणि डोळे भरून येत. तेव्हा भगवंतराव म्हणत, "एका शब्दापाशी थांबू नको. पुढचं वाक्य वाच. पुढच्यानं मागचं समजते."

परीक्षेला आठ दिवस उरले असताना भगवंतरावांनी माझ्यावर बारीक अक्षरांत शंभर शब्द लिहिले. "हे परीक्षेपर्यंत कोनी पुसायचे नाईत," असे बजावून ते दोन दिवसांसाठी नांदुऱ्याला गेले.

त्याच संध्याकाळी आभाळ काळवंडले. वावरात काढलेल्या कांद्याचा ढीग उघडा पडला होता. वारा सुटला, गारा पडू लागल्या. उकंडराव आणि मनकर्णाबाई घरी होते. वावरात एकटे अर्जुनराव. त्यांनी गोणपाटे टाकली, ती पुरली नाहीत. त्यांनी इकडे तिकडे पाहिले, धावत येऊन मला झाडावरून उतरवले आणि ढिगाच्या उरलेल्या बाजूवर आडवे घातले. मित्रांनो, त्यांच्यावर मी रागावलो नाही. वर्षाचा कांदा होता तो. गारा माझ्या पाठीवर बसल्या, पाणी बाजूंनी आत शिरले आणि पोटाकडच्या ओल्या कांद्यांनी माझ्या अंगावरचे शंभर शब्द पुसून नेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटून सुभद्रा आली तेव्हा मी विहिरीच्या काठाला टेकून वाळत होतो. काळा, कोरा, जागोजागी कांद्याची टरफले चिकटलेली.

अर्जुनराव पागोटे हातात घेऊन उभे होते. "कांदा वाचवाचा होता पोरी," एवढेच ते म्हणाले.

सुभद्रा रडली नाही. तिने मला पुसले, खडू घेतला आणि वरच्या कोपऱ्यापासून लिहायला सुरुवात केली. शब्द, त्याचा अर्थ. शब्द, त्याचा अर्थ. मोट थांबली होती. मनकर्णाबाई विळा हातात धरून उभी राहिली. अर्जुनरावांना वाचता येत नव्हते, पण ओळी मोजता येत होत्या.

"किती झाले?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले.

"ब्यान्नव, मोठेबा."

"मंग आठ कुठी गेले?"

सुभद्राने कपाळ दाबून धरले. काही केल्या आठवेना. तेवढ्यात मनकर्णाबाई लाजत लाजत म्हणाली, "दोराचा राह्यला ना? रोप. मले तोच ध्यानात हाये, काऊन की रोप तं आपन रोज लावतो."

सुभद्रा आईकडे पाहतच राहिली. मग तिने रोप लिहिले. त्र्याण्णव झाले.

अर्जुनरावांनी खाकरून घसा साफ केला. नजर ढिगाकडे होती. "कांद्याचाबी राह्यला. अनियन म्हनते ना तू त्याले?"

आता सुभद्राच्या डोळ्यांत पाणी आले. तिने 'अनियन' लिहिले, आणि त्याच्याआधी 'अ‍ॅन' लावायला ती विसरली नाही. बाकीच्या सहांतले पाच शब्द उन्हे कलेपर्यंत एकेक करून सापडले. शेवटचा एक अखेरपर्यंत सापडला नाही. कोणता होता, ते मलाही ठाऊक नाही. माझ्या अंगावरूनही तो साफ गेला होता.

परीक्षेच्या दिवशी घरचा नवा छकडा कोण जुंपणार, हे कोणी ठरवले नव्हते. पहाटे सुभद्रा बाहेर आली तेव्हा अर्जुनराव बैल जुंपून बसलेले होते.

नांदुऱ्यात काय झाले ते तिने मला टांगलेल्या झाडाखाली भगवंतरावांना सांगितले, तेव्हा मीही ऐकले. उतारा आला होता तो 'लाइटहाउस'वर. लाइट म्हणजे हलके, हे माझ्यावरच तिने पाठ केले होते. म्हणून तिला वाटले, हलके घर. वाऱ्याने उडून जाणारे असेल. पण मग वाक्यांत जहाजे येऊ लागली, अंधार आला, खडक आले.

"मंग?" भगवंतराव पुढे सरकले.

"मंग पुढचं वाचलं. तिथं मानूस रोज दिवा लावत होता. तवा मले समजलं, ते उजेडाचं घर हाये."

भगवंतरावांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला.

वैशाखात शाळेत यादी आली. नऊ नावे होती, सुभद्राचे आठवे. निरोप आला तेव्हा उकंडराव पाणी देत होते. त्यांनी हातपाय धुतले, कोवळी वांगी निवडून टोपली भरली आणि ती घेऊन भगवंतरावांकडे गेले. दोघेही बरोबरच वावरात परतले. भगवंतरावांना वांग्यांपेक्षा सुभद्राने जपून ठेवलेल्या प्रश्नपत्रिकेची घाई होती. त्यांनी खडू घेऊन इंग्रजीचा अख्खा पेपर माझ्यावर सोडवला, आणि बाजूला होऊन म्हणाले, "तपास."

सुभद्राने तपासला. चार ठिकाणी 'द' राहिला होता. तिने तो भीत भीत लिहिला. भगवंतराव खो खो हसले. त्यांना हसताना मी प्रथमच पाहिले.

आषाढात सुभद्रा नांदुऱ्याला गेली आणि माझे काम संपले. मला गोठ्यात ठेवले. कोंबड्या माझ्यावर बसत, वासरू अंग घासे. दोन पावसाळे तसेच गेले. एक सांधा उकलला. माझ्यावर काही लिहिले होते, हे मीच हळूहळू विसरू लागलो.

एका दुपारी मनकर्णाबाई आली. तिने मला बाहेर ओढले, राखेने घासून धुतले, मोतीरामकडून सांधा ठोकून घेतला आणि पुन्हा काळे करवले. मग डोक्यावर घेऊन ती थेट भगवंतरावांच्या ओसरीवर गेली. सोबत शेजारच्या रुखमाबाई आणि भिमाबाई होत्या.

"बाबूजी, आता आमाले शिकवा. इंग्रजी नको. आपली मराठीच. मले माह्या पोरीचं पत्र सोताच वाचाचं हाये."

भगवंतरावांनी ओसरी झाडून घेतली.

तेव्हापासून मी तिथे आहे. मनकर्णाबाईचा 'म' पहिले आठ दिवस उलटा यायचा. आता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बायकांचे हात राबून खरबरीत झालेले असतात आणि खडू त्यांच्या बोटांत फार मोडतो. पण मोडलेला तुकडा त्या टाकत नाहीत, पदराच्या गाठीत बांधून नेतात.

मित्रांनो, मला कोरडे पुसू नका, ओल्या फडक्याने पुसा. पावसात बाहेर ठेवावे लागलेच तर पाठ वर करा. तुमच्या घरी एखादा जुना फळा कोपऱ्यात पडला असेल, तर तो धुऊन उन्हात वाळवा आणि ज्यांना कधी शाळा मिळाली नाही अशा माणसांपुढे ठेवून बघा. खडू त्यांच्या हातात तुम्ही द्या. पहिले अक्षर त्यांना आपले आपण काढू द्या.