टोपी, चीज आणि पिरोगी

पिरोगी हा पंचेचाळीस किलोचा कुत्रा टोपीला घाबरायचा. तेही सस्काचेवानमध्ये, ऐन जानेवारीत. बाहेर उणे तीस. बोडक्या डोक्यानं फिरणारा माणूस एकतर प्यालेला असतो, नाहीतर टोरांटोहून आलेला. टोपी दिसली की हा धिप्पाड गडी माझ्या टेबलाखाली घुसायचा आणि तिथंच मुतायचा. दोन घरांतून तो परत आला होता. तिसऱ्या घरानंही परत आणला, तर चौथं मिळणार नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

हा निवारा मी चालवते. पगारी माणसं दोन, जनावरं साठ. बाकी कारभार स्वयंसेवकांवर, आणि त्यांचं कौतुक मला कुणी सांगू नये. पिल्लं कुशीत घ्यायला रांग लागते. घाण काढायची म्हटलं की सगळ्यांची कंबर धरते.

ऑर्व्हल क्लासन तेवढे वेगळे. वय एकाहत्तर, आयुष्यभर शाळेची बस चालवलेले. पिरोगीचं काम मी त्यांच्या गळ्यात घातलं.

"टोपी घालून आत जायचं, चीजचा तुकडा टाकायचा, बाहेर यायचं. मग टोपी बदलून पुन्हा. दिवसाला चाळीस वेळा."

"त्याच्याशी बोलू का गं, ग्वेन?"

"नाही."

"जरा टेकू तरी?"

"अजिबात नाही. आलात, टाकलंत, निघालात."

"म्हणजे बसच झाली की," ते म्हणाले आणि कामाला लागले.

नऊ आठवडे चाललं हे. घरातल्या टोप्या संपल्यावर शेजाऱ्यांच्या आणल्या. मग अग्निशमन दलाचं शिरस्त्राण, मग कुणाच्या तरी आजीची पिसांची टोपी. माझ्या कोठीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"ऑर्व्हल, दुकान टाकायचंय का इथं?" मी खेकसले.

"कोण काय घालून येईल, सांगता येतं का?" एवढंच बोलून ते गुडघे कडकड वाजवत पुन्हा आत गेले.

नवव्या आठवड्यातल्या शनिवारी मायरन बोइचुक आला. कुत्रा हवा असलेला शेतकरी, डोक्यावर कानपट्ट्यांची केसाळ टोपी. हा बहुधा झोपतानाही ती काढत नसावा. मी त्याच्या हातात चीज दिलं आणि त्याला पिरोगीच्या खोलीत घेऊन गेले. काचेबाहेर ऑर्व्हल श्वास रोखून उभे होते.

पिरोगी उठला, शेपूट हलवत आला, चीज खाल्लं. ऑर्व्हलनी डोळे पुसले. मायरन खूश होऊन स्टुलावर बसला.

पिरोगीनं दाराकडे पाहिलं. मग मायरनकडे. मग त्याच्या पाठीमागे जाऊन डोक्यानं त्याला ढकलायला लागला. रागानं नाही, अगदी प्रेमानं. मायरन पुन्हा बसला, तर त्याची बाही दातांत धरून त्याला दारापर्यंत पोचवलं.

"हा मला हाकलतोय का?" मायरननं विचारलं.

नऊ आठवड्यांत त्या खोलीत एकही टोपीवाला बसला नव्हता. पाहुणा येतो, चीज देतो आणि जातो, असं पिरोगीला मीच शिकवलं होतं. आता हे घरही गेलं, असं वाटलं.

"हा सगळ्यांशी असाच वागतो?"

"टोपीवाल्या सगळ्यांशी," मी खरं ते सांगून टाकलं.

मायरन विचारात पडला. "माझा मेहुणा रविवारी जेवायला येतो आणि बुधवारी जातो," तो म्हणाला. "टोपी घालतो. कुठं सही करू?"

सोमवारी ऑर्व्हल नेहमीच्या वेळेला चीजचा डबा घेऊन आले आणि रिकाम्या खोलीपुढे उभे राहिले. "कुत्रा गेला हे माहीत आहे गं. पाय आले इकडं," ते म्हणाले. इतके दिवस मी या माणसाला फक्त टोप्यांवरून बोलत होते.

"शेजारच्या खोलीत एक नवी आलीय," मी म्हणाले. "छत्रीला घाबरते."

"घरी चार आहेत." ते जरा घुटमळले. "या वेळी बसायचं का?"

"बसायचं," मी म्हणाले, आणि माझी स्वतःची खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली.