कपडे उतरवून केलेलं वजन

तिगावच्या पाळणाघरातल्या सतरा लेकरांचं वजन वर्षभरात सरासरी सव्वा किलोनं वाढलं होतं. सौंसर, मोहगाव, पांढुर्णा, तिन्ही ठिकाणी पावणेदोनच्या वर. दीडच्या खाली असेल ते केंद्र बंद, असं नागपूरच्या संस्थेनं आधीच ठरवलेलं. चारही केंद्रांची देखरेख अर्चनाकडे होती, म्हणून केंद्र बंद होणार हे सांगायलाही तीच आली.

पण जीव मानत नव्हता. मांडीवर येऊन बसलेल्या मृणालच्या दंडाला तिनं हात लावला. चांगला भरलेला होता. तिनं केंद्र चालवणाऱ्या इंदूला विचारलं,

"इंदूताई, वजन कसं केलं होतं?"

"कसं म्हंजे? तुमीच तं बैठकीत सांगतलं, कपडे उतरवून करा म्हणून. सुटर, टोपरं, पायातले वाळे, सारंच काढलं. दोघं तं काट्यावरच मुतले, बाप्पा." इंदू हसली.

मागच्या पौषात पहिलं वजन झालं, तेव्हा थंडीपायी चारही ठिकाणी लेकरं स्वेटरसकट तोलली होती. उन्हाळ्याच्या बैठकीत तिनं नियम वाचून दाखवला, केंद्रं चालवणाऱ्या चौघींनी माना डोलावल्या, आणि या पौषात तो पाळला एकट्या इंदूनं; म्हणून तिच्याच लेकरांची वाढ कपड्यांच्या वजनाएवढी कमी दिसली. बाकीच्या तिघींनी पुन्हा स्वेटरसकटच तोललं. तिगावच्या वजनाला अर्चना नव्हती, पण त्या तिन्ही ठिकाणी समोर उभी होती. लेकरांना हुडहुडी भरेल म्हणून बोलली नाही.

तिनं तिथूनच संस्थेच्या हेमराज सरांना फोन लावला.

"तिगावचं पुन्हा करू द्या सर, कपड्यांसकट."

"निकाल कळल्यावर केलेलं वजन कोण मानेल, मॅडम?"

"मग चारही ठिकाणी कपडे उतरवून करू."

"आणि मागच्या वर्षीच्या आकड्यांतून स्वेटर कसे उतरवाल? कोणाच्या अंगात काय होतं, लिहिलंय कुठं?"

लिहिलेलं नव्हतं.

"चूक माझी आहे सर. इंदूताईंची नाही."

"शेऱ्यात लिहा," हेमराज सर म्हणाले. शेरे कोणी वाचत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

इंदूनं सगळं ऐकलं होतं. ती मृणालची वेणी घालायला बसली.

"म्हंजे मी तुमचं ऐकलं, थेच चुकलं काय माह्यं?"

अर्चनानं केंद्र बंद करण्याचा कागद तिच्यापुढं ठेवला.

"कधीपासून बंद?"

"एक तारखेपासून."

"आन् हे लेकरं?"

"पाहू काही तरी," अर्चना म्हणाली. पाहण्यासारखं काही नव्हतं. इंदूनं कागदावर सही केली.

संध्याकाळी मृणालची आई संत्र्याच्या तोडीवरून आली. हात ओरबाडलेले, पण लेकीला घेताना चेहरा फुलला.

"इंदूबाई, पुढच्या महिन्यात तोड दूरच्या बगीच्यात हाये. पहाटेच निघा लागते. पोरीले अंधारातच आणून देऊ काय?"

इंदूनं अर्चनाकडे पाहिलं. अर्चनानं मान खाली घातली.

"आण," इंदू म्हणाली.