आईचा तवा आणि नववं गाणं

माझी धाकटी बहीण ग्रीअर गाणी करते. कसली, ते आमच्या गावात मला अजूनही विचारतात आणि मी अजूनही विषय बदलते. नव्या अल्बमात नऊ गाणी होती. एक एकट्या पडलेल्या फ्रीजचं, एक ड्रायव्हिंगच्या परीक्षेत चौथ्यांदा नापास झालेल्या बदकाचं. नववं होतं पोस्टमास्तर व्हायला निघालेल्या डुकराचं, आणि त्याचं धृपद तिला बाबांच्या आवाजात हवं होतं. बाबा गाणार नसतील तर अल्बम काढणारच नाही, असा तिचा हट्ट.

आई गेल्यापासून चार वर्षं बाबा गायले नव्हते. चर्चमध्येसुद्धा नुसते उभे राहायचे. त्यात आमचं गाव मासेमारांचं. इथे डुकराचं नाव तोंडातून काढत नाहीत, आणि कानावर पडलंच तर लगेच लोखंडाला हात लावतात, नाहीतर बोट घरी येत नाही. मी आठवडाभर बाबांच्या मागे लागले, तेव्हा ते आणि त्यांचे जुने जोडीदार डॉड व वुली एका अटीवर तयार झाले. तो शब्द ग्रीअरने म्हणायचा, बाकीचं धृपद त्यांनी.

जाळी ठेवायच्या माळ्यावर आम्ही माइक लावले. रेकॉर्डिंगला मी, कारण एवढी सहनशक्ती दुसऱ्या कुणात नव्हती. ग्रीअरने 'डुक्कर' म्हटलं आणि तिघांच्या खिशात किल्ल्या खणखणल्या. कडव्यात तो शब्द चारदा. मी किल्ल्या काढून घेतल्या, तर पट्ट्यांची बकलं वाजली. पट्टेही काढून घेतले. मग डॉड एका हाताने पँट धरून गायला लागला. पुढच्या 'डुकरा'ला बाबा सरळ दार उघडून जिना उतरले, धक्क्यावरच्या लोखंडी कडीला हात लावून वर आले, तोवर गाणं संपलं होतं.

"डुकराच्या जागी मेंढी घाल ना," मी ग्रीअरला म्हटलं.

"मेंढी कशी पोस्टमास्तर होईल? काहीतरीच."

बाबा भडकले. बावन्न वर्षं समुद्रावरून धड परत आलो ते उगाच नाही, म्हणाले, आणि निघून गेले. ग्रीअर माइकच्या वायरी गुंडाळता गुंडाळता रडायला लागली. मी तिला चांगलं फैलावर घेतलं, आणि मग मलाच इतकं वाईट वाटलं की चहा करायला खाली पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आले ते आईचा तवा घेऊन. ओट्सच्या भाकऱ्यांचा, जड, बिडाच्या लोखंडाचा. चार वर्षं तो खिळ्यावर होता आणि आम्हाला त्याची धूळही पुसू देत नसत. आज तो घासूनपुसून, तेल लावून आणला होता.

"किल्ल्यांना सूर नाही," ते म्हणाले. "याला आहे."

ग्रीअर गायली. तिच्या प्रत्येक डुकराला तव्यावर बाबांची बोटं पडली, खोल, गोल आवाजात, आणि त्यापाठोपाठ त्यांचा गळा उघडला. डॉडचा पट्टा अजून माझ्याकडेच होता; त्याच्या हातून पँट सुटली तरी त्याला कळलं नाही. मी हेडफोन लावून, मान खाली घालून रडत होते, कुणी बघू नये म्हणून.

गाणं संपलं.

"दुसऱ्या कडव्यात माझा हात उशिरा पडला," बाबा म्हणाले. "परत घ्या."

आम्ही अकरा वेळा घेतलं. दुपारी जेवायला उठले तेव्हाही तवा त्यांच्या काखेत होता. जिन्यात थांबून त्यांनी ग्रीअरला हळूच विचारलं, "पोरी, त्या शेपटीवाल्याला शेवटी नोकरी मिळते ना?"