एकाच टोकाला हात

चिमटा आणि पलीकडची हे नवरा-बायको आहेत, हे मला पहिले काही महिने कळलंच नव्हतं. फोनवर दोघांचं बोलणं 'लाइन आली का' आणि 'नाही आली' यापुढे जायचं नाही. इतकं कोरडं मी माझ्या नवऱ्याशीही बोलते, पण त्याला लग्न मुरावं लागतं. यांचं तर अजून नवं होतं.

चिमटा आमच्या मुख्य ऑफिसात फायबर जोडायचा. केसाएवढी काच चिमट्यानं उचलायची आणि दुसऱ्या केसाएवढ्या काचेला चिकटवायची, त्यावरून हे नाव पडलं. पलीकडची म्हणजे डोंगरापलीकडच्या ऑफिसातली. तिथली मशीन-रूम तिनं एकटीनं उभी केली होती; त्याआधी त्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवत. दोघांना नोकरी लागली तेव्हा जिथे जागा होती तिथे दोघं रुजू झाली, आणि संसार सुट्टीच्या दिवशी बसमध्ये मावेल तेवढाच उरला. मी त्यांची वरिष्ठ. दुसऱ्याच्या संसारात नाक खुपसायचं नाही हे माझं जुनं धोरण आहे, आणि त्यामुळे माझी झोप चांगली आहे.

मग कंपनीनं दोन्ही ऑफिसं फायबरनं जोडायचं ठरवलं. ही लाइन लागली की दोन्हीकडची यंत्रं कुठूनही सांभाळता येणार होती. त्यामुळे साहेब एका माणसाची बदली करायला तयार झाले, मात्र एकाचीच. जो जाईल त्याला तिकडे हाताखालची जागा मिळणार होती.

दुसऱ्याच दिवशी चिमटा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"ताई, माझं नाव द्या. मी जातो तिकडे. फक्त तिच्या कानावर घालू नका, ती नको म्हणेल."

हा गडी पुढच्या वर्षी इथला मुख्य होणार होता. मी बरं म्हटलं. जेवून हात धुतेय तोवर पलीकडचीचा फोन.

"ताई, मी येते तिकडे. माझं नाव सांगा साहेबांना. त्याला बोलू नका हं, तो अडवत बसेल."

तिलाही मी बरं म्हटलं. खरं सांगते, ती आली तर माझ्या खोलीत दोन कसबी माणसं होणार होती. स्वार्थ मलाही आहे. साहेबांना दोन्ही नावं सांगितली, तर ते वैतागले. "लाइन सुरू होईल त्या दिवशी मला एक नाव हवं. नाहीतर तिसऱ्या कुणाला तरी पाठवतो." तिसरा तर पिशवी भरूनच बसला होता. तरीही मी धोरण सोडलं नाही. त्यांचं ते बघून घेतील, म्हटलं.

लाइन जोडायचा दिवस उजाडला. डोंगराच्या पोटातून केबल आली होती, मधले सांधे तपासून झाले होते, दोन्हीकडची यंत्रं चालू होती. फक्त लाइन लागल्याचा दिवा हिरवा होत नव्हता. असल्या लाइनला काचेच्या दोन तारा असतात: एकीतून आपला उजेड जातो, दुसरीतून समोरचा येतो. मध्ये कुठे त्यांची अदलाबदल झाली, की दोघंही बोलतात आणि दोघांनाही ऐकू येत नाही. उपाय सोपा. कुठल्याही एका टोकाला दोन्ही तारा काढायच्या आणि उलट खोचायच्या.

चिमट्यानं उलट खोचल्या. दिवा तसाच.

"तू काही केलंस का?" त्यानं फोनवर विचारलं.

"मी उलटवल्या ना आत्ता," ती म्हणाली. "म्हटलं, तुला कशाला त्रास."

"अगं, मीही उलटवल्या."

दोन्हीकडे उलटवल्यावर गाडी पुन्हा मूळपदावर, हे काय सांगायला हवं? तर या शहाण्यानं लगेच आपल्या तारा पूर्ववत केल्या. आणि त्याच वेळी तिकडे त्या शहाणीनंही केल्या. दिवा विझलेलाच. नवशिक्या पोरांनी केलं असतं तर मी समजू शकले असते. ही दोघं कामात वाघ, पण एकमेकांची गैरसोय म्हटली की दोघांची अक्कल गहाण.

मी फोन हातात घेतला. "एकाच टोकाला हात लागेल. तू तिकडे हात मागे घेऊन बस. चिमट्या, तू उलटव."

त्यानं उलटवल्या आणि दिवा हिरवा झाला. चाचणीसाठी लावलेल्या पडद्यावर पलीकडची खोली उमटली, इतकी स्वच्छ की तिच्या खुर्चीवरचा टॉवेल दिसत होता. ती खरोखरच हात मागे घेऊन बसली होती.

तिला तसं बसलेलं पाहून मला राग आला. तिचा नाही, माझा. दोघांचं गुपित पोटात ठेवून मी मोठी तटस्थ म्हणून मिरवत होते, आणि दाराबाहेर साहेब नावासाठी थांबले होते. गेलं खड्ड्यात धोरण.

"ऐका दोघं," मी म्हटलं. "बदलीसाठी तुम्ही दोघांनीही मला नाव दिलंय. एकमेकांना न सांगता."

चिमट्यानं मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

"मग माझं काढा," तो म्हणाला.

"माझं काढा, ताई," तीही म्हणाली. दोघं एकदमच.

"झालं, परत दोघांनी उलटवल्या," मी म्हटलं. "आत्ता काय सांगितलं मी? हात एकाचाच. कोणाचा, ते ठरवा."

मग चिमट्यानं दोन्ही हात वर केले आणि तळवे कॅमेऱ्याला दाखवले. "तू ठरव," तो म्हणाला. "मी हात लावत नाही."

तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. मग तिनं आपल्या खोलीभर नजर फिरवली.

"मला इथून निघायचं नाहीये," ती म्हणाली. "कधीच नव्हतं. तू ये."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू आपला सगळं सोडायला निघशील, हे ठाऊक होतं मला. मग मी माझं काय धरून बसू?"

चिमट्याचे डोळे भरून आले. हात वर असल्यामुळे त्याला पुसताही येईनात. मला दोघांसाठी फार बरं वाटलं, आणि माझा सगळ्यात चांगला माणूस चालला याचं वाईटही तितकंच वाटलं. बाहेर जाऊन साहेबांना त्याचं नाव सांगून आले, तरी तो तसाच उभा होता.

"हात खाली घे आता," मी म्हटलं. "जायच्या आधी इथलं कुणाला तरी शिकवून जायचंय तुला."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली, मग त्यानं हात खाली घेतले.