वाघुळद्यांची किराण्याची पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. मित्रांनो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते, बाकी तुमची माझी मैत्री कसली? तुमच्यातल्याच चौघांनी मला आज दुपारी फरफटत आणून या पार्कातल्या लाकडांच्या ढिगावर फेकलं. आज लोहडी, म्हणजे इकडची ऐन थंडीतली होळीच. अंधार पडला की काडी लागेल. मला जळायचं नाही, सरळ सांगते. तोवर बोलून घेते, आणि मी गोड बोलेन अशी आशा मुळीच ठेवू नका.

माझा जन्म देवळालीचा. मेजर नरेश वाघुळदे यांची बदली निघाली, तेव्हा तिथल्या सुतारानं आंब्याच्या फळ्यांना लोखंडी पट्ट्या ठोकून मला केलं. झाकणावर पांढऱ्या रंगात साहेबांचं नाव आलं. फौजेतल्या घरांत भिंती सरकारी असतात, आपल्या असतात त्या पेट्याच. आसाम झालं, जम्मू झालं, शेवटी चंदीगडजवळची चंडीमंदिर छावणी. मग साहेब निवृत्त झाले, डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागले आणि चंदीगडलाच घर केलं. बाकीच्या पेट्यांवर गाद्या टाकून त्यांचे दिवाण झाले. मला मात्र साहेबांच्या पत्नीनं, उल्काबाईंनी, किराण्याला जुंपलं.

काय रुबाब होता माझा! दर शनिवारी बाई डबे घासूनपुसून माझ्यात रचायच्या. मार्केटमधले दुकानदार गुरमेलसिंग मला स्कूटरवर बांधून न्यायचे, पोत्यातली तूरडाळ, शेंगदाणे, साखर थेट डब्यांत मापून घालायचे आणि मला घरी आणून सोडायचे. दारातूनच हाक यायची, "लओ जी भैणजी, तुहाडी पेटी!" आठवड्याचा किराणा घरात यायचा आणि कचऱ्यात काही म्हणता काही जायचं नाही. गुरमेलसिंग इतर गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "मराठी भैणजी से कुछ सीखो!" मी मनातल्या मनात फुगून जायची.

मग ते मेलं काचेच्या दारांचं दुकान उघडलं. फोन करा, सामान दारात, तेही फुकट. पहिलं सामान आलं आणि मी बघतच राहिले. साखर एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. चार ढोबळ्या मिरच्या थर्माकोलच्या ताटलीत, वर ताणून बसवलेला प्लास्टिकचा कागद. कांदेसुद्धा पिशवीत! अरे, कांद्याला जन्माची साल असते, त्यावर आणखी कोट कशाला? अर्ध्या तासात कचऱ्याचा डबा तुडुंब भरला आणि बाई म्हणाल्या, "काय स्वच्छ पॅकिंग आहे नाही!" मला तर त्यांचा असा राग आला!

तरी बाई आधी मला सोडत नव्हत्या. खरी कळ लावली ती त्यांच्या लेकीनं, स्वानंदीनं. मराठी सगळं कळतं कार्टीला, पण उत्तर हिंदीतच. "ममा, प्लीज, ये डिब्बा हटाओ ना. मेरी फ्रेंड्स हँसती हैं, पूछती हैं, तुम्हारे घर अब भी फौजी राशन आता है क्या?"

"असू दे गं. चांगली भक्कम आहे."

"तो अंदर रखो. बाहर शर्म आती है यार!"

झालं! मी मागच्या बाल्कनीत गेले. गुरमेलसिंग एकदा दारात येऊन विचारून गेले, "भैणजी, पेटी?" बाई नजर चुकवून म्हणाल्या, "अगले शनिवार, भाईसाब." तो शनिवार काही उगवला नाही. मग त्यांनीही विचारणं सोडलं.

पण एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. बाईंना पिशव्या टाकवेनात. "चांगल्या आहेत हो, लागतील कधीतरी," असं म्हणत एकेक पिशवीची समोशासारखी त्रिकोणी घडी घालायच्या आणि ठेवायच्या कुठे? माझ्या पोटात! ज्या पिशव्यांनी मला घराबाहेर काढलं, त्यांनाच मी सांभाळायचं! मी पेटी राहिले नाही, शत्रूची छावणी झाले. त्यातली एकही पिशवी कधी बाहेर निघाली नाही, कारण रोज नव्या येतच होत्या. इतर घरांतल्या तर पार्कामागच्या नाल्यात गेल्या आणि पावसाळ्यात तो तुंबून घाण पाणी तुमच्याच अंगणात आलं. तेव्हा कसे नाकाला रुमाल लावून हिंडत होतात!

आज तुम्ही दारोदार लाकडं मागत आलात. स्वानंदीनं झाकण उघडूनही पाहिलं नाही. "ले जाओ, पुरानी है," म्हणाली. संपलं.

आता अंधार पडतोय. आणि अगं बाई, उल्काबाई धावत येताहेत! पायांत चपलासुद्धा नाहीत! "रुको, रुको! आग मत लगाना!" सांगू? तेवढ्यात मी त्यांना सगळं माफ करून टाकलं. त्यांनी झाकण उघडलं, दोन्ही हात आत घातले, घड्यांचा ढीग पदरात भरला आणि म्हणाल्या, "बाई गं, वाचल्या! एवढ्या जपून ठेवलेल्या!"

पिशव्या घेऊन वळल्या. झाकण लावायचंही त्यांना सुचलं नाही.

मागून साहेब आले. टॉर्चचा उजेड पांढऱ्या अक्षरांवर पडला. "उल्का, अगं, ही आपली देवळालीची."

"जाऊ द्या हो. आता कुठे तुमची बदली निघणार आहे?"

साहेबांनी टॉर्च विझवला. मग कुणीतरी त्यांच्या हातावर शेंगदाणे ठेवले आणि ते खात खात पुढे गेले.

मित्रांनो, मला उतरवा असं म्हणत नाही, तुम्ही ऐकणार नाही. पण पुढच्या लोहडीला रेवड्या आणायला जाल, तेव्हा घरातला एक डबा घेऊन जा. तेवढी तरी लाज बाळगा. माझं म्हणाल तर माझी राख कुंडीत घाला, गुलाब चांगले येतील.

ही बघा, स्वानंदी आली. रेवड्यांची नवी कोरी पिशवी आहे हातात. रेवड्या तिनं खिशात ओतून घेतल्या, रिकामी पिशवी कुठे टाकावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि माझं उघडं झाकण तिला दिसलं.

काडी लागली. धूर काळा निघाला, तर तो माझा नव्हे.